दगडावर कोणाचं नाव?

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा, हल्याळ, यल्लापूर या पट्ट्यात गवळीवाडे आहेत. म्हशी राखणारी, दूध-तूप विकणारी ही माणसं घरात मराठी बोलतात. रानात चारा कुठं, पाणी कुठं, वाघाची वाट कोणती, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या याच उतारांवर गुरं राखणाऱ्या एखाद्या माणसाचं नाव सांगा म्हटलं, तर सांगता येणार नाही. त्याच काळात अरबस्तानच्या उत्तरेकडच्या वाळवंटात उंट आणि मेंढ्या चारणाऱ्या हजारो माणसांची नावं मात्र आज वाचता येतात. त्यांच्या बापांची, आजोबा-पणजोबांचीही नावं कळतात, कारण ती त्यांनी स्वतःच्या हातानं दगडावर कोरून ठेवली आहेत.

हा फरक नीट समजून घेतला, तर अरबस्तानातला समाज उलगडतोच, शिवाय आपल्या कार्ले, कान्हेरी, नाशिक आणि बनवासीच्या शिलालेखांकडेही वेगळ्या नजरेनं पाहता येतं.

आधी वाळवंटातलं. सीरियाचा दक्षिण भाग, जॉर्डनचा ईशान्य कोपरा आणि सौदी अरेबियाची उत्तर सीमा मिळून एक काळ्या दगडांचा प्रदेश होतो. अरबीत त्याला ‘हर्रा’ म्हणतात. जुन्या ज्वालामुखींच्या लाव्ह्याचा हा बसाल्ट, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचाच भाऊबंद. उन्हावाऱ्यानं त्याच्यावर गडद कवच चढतं आणि अणकुचीदार दगडानं टोचलं की खालचा फिकट रंग वर येतो. पाऊस नावापुरताच पडतो, शेवाळ धरत नाही. त्यामुळे एकदा काढलेली रेघ दोन हजार वर्षं तशीच राहते. या दगडांवर ‘सफाइती’ लिपीतले तीस हजारांहून जास्त लेख आजवर नोंदले गेले आहेत. ढोबळमानानं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या चौथ्या शतकापर्यंतचे ते मानले जातात. लिपीत २८ अक्षरं आहेत. स्वर लिहीत नाहीत, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ओळ डावीकडे, उजवीकडे, गोल, दगड जसा असेल तशी वळते. एन्नो लिटमान या जर्मन पंडितानं १९०१ साली या लिपीचा उलगडा पूर्ण केला.

या लेखांत असतं काय? अमुक, अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू, अशी वंशावळ, कधी दहा-दहा पिढ्यांपर्यंत. मग एखादं वाक्य. उंट चारले, पावसाची वाट पाहिली, शत्रूवर नजर ठेवत बसलो. कुणी भावाच्या मरणावर शोक करतो, कुणी दुसऱ्याचा जुना लेख वाचून त्या माणसाच्या आठवणीनं हळहळतो. शेवटी ‘लात’ देवीला किंवा दुसऱ्या एखाद्या देवाला मागणं असतं, की सुखरूप ठेव, लूट मिळू दे. पुष्कळदा खाली शाप असतो. हा लेख जो खरवडेल तो आंधळा होवो, जो वाचेल त्याचं भलं होवो.

त्यातलं ‘जो वाचेल’ हे महत्त्वाचं आहे. पुढचा मेंढपाळ इथं येईल आणि त्याला वाचता येत असेल, हे लिहिणारा गृहीत धरतो. ज्यांच्याकडे शाळा नाही, दप्तर नाही, बाजाराच्या वह्या नाहीत, कागद किंवा पपायरस विकत घेण्याचं कारण नाही, अशा भटक्या समाजात अक्षरओळख एवढी पसरली कशी? मायकेल मॅकडॉनल्ड या अभ्यासकानं याचं उत्तर दिलं आहे. या माणसांचा व्यवहार अखेरपर्यंत तोंडीच राहिला, करार आणि कविता स्मरणातच राहिल्या. अक्षरं त्यांनी गावात-बाजारात पाहून उचलली, एकमेकांना शिकवली आणि दिवसभर कळपाकडे पाहत एकट्यानं बसण्याच्या वेळात ती वापरली. मला हे उत्तर पटतं. शिवाय माणसाला लिहिण्यासाठी राज्य लागतं, व्यापार लागतो, हा पक्का समज त्यानं मोडतो. इथं रिकामा वेळ, एकटेपणा आणि समोर पडलेला काळा दगड एवढंच पुरलं.

अरबस्तानातले सगळेच लेख असे नाहीत. वायव्येला हेग्रा, म्हणजे आजचं मदाइन सालेह, हे नबाती लोकांचं शहर. २००८ साली ते सौदी अरेबियाचं पहिलं जागतिक वारसास्थळ ठरलं. तिथं वालुकाश्माच्या डोंगरांत कोरलेली प्रचंड थडगी आहेत आणि त्यांतल्या तीसहून अधिक थडग्यांच्या दर्शनी भागावर लेख आहेत. हे लेख सरळसरळ खरेदीखतासारखे. कमकम नावाच्या बाईनं आणि तिच्या मुलीनं स्वतःसाठी आणि आपल्या वंशजांसाठी करवून घेतलेल्या थडग्यावर हारिथ राजाच्या नवव्या वर्षाची, म्हणजे इसवी सनापूर्वी १ या सालाची तारीख आहे. हे थडगं जो विकेल, गहाण ठेवील, भाड्यानं देईल किंवा हक्क नसताना आत कुणाला पुरेल, त्याच्यावर दुशारा आणि मनात या दैवतांचा शाप आणि वर एक हजार हारिथी नाण्यांचा दंड. शेवटी ते कोरणाऱ्या पाथरवटाचं नाव. बाई स्थावराची मालकीण आहे, तिचा हक्क मुलीकडे जातो आणि तो मोडणाऱ्यासाठी दंडाची रक्कम ठरलेली आहे, एवढं सगळं त्या दगडावरून कळतं.

म्हणजे एकाच अरबस्तानात दोन तऱ्हा आहेत. वाळवंटात ज्याचं नाव त्याचाच हात. शहरात नाव मालकाचं आणि हात पाथरवटाचा. आपल्याकडचे जुने शिलालेख जवळजवळ सगळे या दुसऱ्या तऱ्हेचे आहेत.

जोयड्यापासूनच सुरुवात करू. तालुक्याचा उत्तर कन्नड जिल्हा हाच बनवासीचा जिल्हा. वरदा नदीच्या काठावरचं, शिरसी तालुक्यातलं हे गाव एके काळी वैजयंती म्हणून ओळखलं जाई. तिथल्या मधुकेश्वराच्या देवळात पाच फण्यांच्या नागाची एक शिळा आहे. तिच्यावर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लेख आहे. विण्हुकड चुटुकुलानंद सातकर्णी या राजाच्या बाराव्या वर्षी एका राजकन्येनं नाग, तळं आणि विहार यांचं दान केलं, असं त्यात आहे. देखरेख करणाऱ्या अमात्याचं नाव आहे आणि सगळ्यात शेवटी नाग घडवणाऱ्याचंही. तो नटक, जयंतकाच्या इंदमोर आचार्याचा शिष्य. कलावंताचं नाव आणि त्याच्या गुरूचं नाव इतक्या जुन्या काळात क्वचितच मिळतं. कसब गुरूकडून शिष्याकडे जात होतं आणि त्या गुरूला ‘आचार्य’ म्हणण्याइतका मान होता, हे त्या एका ओळीवरून समजतं.

याच वैजयंतीचा एक शेठ थेट मावळात भेटतो. लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्याच्या दाराशी, डाव्या हाताला लेख आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनं जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह पुरं केलं. जंबुद्वीपातलं उत्तम! त्या चैत्यगृहात उभं राहिल्यावर ही बढाई वाटत नाही. उत्तर कन्नडच्या एका व्यापाऱ्याचा पैसा घाट ओलांडून पुण्याच्या डोंगरात लागला होता. आज आपण ज्या जिल्ह्यांच्या आणि राज्यांच्या हद्दींवर इतका वाद घालतो, त्या हद्दी या माणसांच्या ध्यानीमनीही नव्हत्या.

कार्ल्याच्या खांबांवर आणखी गर्दी आहे. धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे किंवा तसे म्हणवणारे लोक, एकेका खांबाचा खर्च देतात. त्यांची नावं बघावीत तर सिहधय, धम्म अशी, पुरती इथली. त्याच गावचा एक गंधी, अत्तरं विकणारा, दाराचं दान करतो. सामी नावाचा सुतार दार आपण घडवल्याचं नोंदवतो. सोपाऱ्याचा एक धर्मग्रंथ पाठ म्हणणारा भिक्षू खांब देतो. रायगड जिल्ह्यातल्या कुड्याच्या लेण्यांत माळी आहे, वैद्य आहे, कराडचा लोखंडाचा व्यापारी आहे. कान्हेरीला कल्याणच्या एका लोहारानं वाट बांधून दिली आहे. जुन्नरला कासार आणि बुरूड यांच्या श्रेणींकडे पैसे ठेवल्याच्या नोंदी आहेत. राजांच्या प्रशस्ती वाचून जो समाज दिसत नाही, तो या चार-चार शब्दांच्या लेखांत दिसतो.

श्रेणी, म्हणजे कारागिरांचे संघ, त्या काळी पेढीचंही काम करत. ते कसं चाले, हे नाशिकच्या पांडवलेण्यात, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याच्या लेखात आकड्यांनिशी दिलं आहे. त्यानं लेण्यासाठी तीन हजार कार्षापणांची, म्हणजे नाण्यांची, कायमठेव केली. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक या व्याजानं. दुसऱ्या विणकर श्रेणीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण या व्याजानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या रकमेतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, माणशी बारा कार्षापण द्यायचे. आता हिशेब करा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. पै न पै जुळते. वर हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि रिवाजाप्रमाणे फळ्यावर नोंदवला, असंही लेख सांगतो. हेग्राच्या थडग्यासारखाच हा खडकावर चढवलेला दस्तऐवज आहे. मूळ नोंद लाकडी फळ्यावर होती. ती गेली आणि दगडावरची नक्कल उरली.

आता दुसरी बाजू. या लेखांत माळी, लोहार, सुतार, विणकर, व्यापारी, भिक्षुणी, राण्या सगळे आहेत म्हणून आपण सहज म्हणतो की त्यात अवघा समाज आला. तो आलेला नाही. आले आहेत ते दान देण्याची ऐपत असलेले, तेही मुख्यत्वे बौद्ध संघाला दान देणारे. खांबासाठी, टाक्यासाठी, एका खोलीसाठी ज्यांच्याकडे पैसा होता त्यांची नावं पाथरवटानं कोरली. भात लावणारे, डोंगरात कुमरी शेती करणारे, गुरं राखणारे, लेण्याचा दगड पाठीवर वाहून टाकणारे या भिंतींवर नाहीत. अरबस्तानात मेंढपाळच बोलतो. आपल्याकडे दाता बोलतो. आपल्या प्राचीन समाजाबद्दल शिलालेखांवरून जेव्हा जेव्हा मोठी विधानं केली जातात, तेव्हा हा फरक लक्षात ठेवायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

वाचणाऱ्यांचं काय, याचाही पुरावा दगडावरच आहे. आपल्याकडच्या ताम्रपटांत शाप असतोच. जोयड्याच्या उत्तरेला, खानापूर तालुक्यातल्या हलशीत, जुन्या पलाशिकेत, आद्य कदंब राजांचे ताम्रपट सापडले. ककुत्स्थवर्मा, मृगेशवर्मा, रविवर्मा यांनी जैन मंदिरांना आणि साधूंना दिलेल्या जमिनींचे ते आहेत. दान दिलेली जमीन हिसकावणारा साठ हजार वर्षं नरकात पडेल, ही धमकी अशा संस्कृत ताम्रपटांत ठरलेली. पण हा शाप वाचणार कोण? राजाचा कारकून आणि शास्त्री. पुढं शिलाहारांच्या काळात कोकणात आणि गोव्यात गद्धेगाळ उभे राहिले. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली दान मोडणाऱ्याच्या आईची गाढवाकडून होणारी विटंबना दाखवणारं चित्र. ते अभद्र आहे यात वाद नाही. पण ते तिथं कोरावं लागलं, कारण गावातल्या बहुतेकांना वरचा लेख वाचता येत नव्हता. सफाइती मेंढपाळाला शापाचं चित्र काढावं लागलं नाही.

मग आपल्या माणसांनी स्वतःच्या हातानं लिहिलंच नाही का? लिहिलं, आणि त्याची एक मोठी साठवण अरबी समुद्रातच आहे. येमेनच्या दक्षिणेला सोकोत्रा बेट आहे. तिथल्या ‘होक’ नावाच्या खोल गुहेत या शतकाच्या सुरुवातीला बेल्जियमच्या संशोधकांना लेख सापडले. त्यांतले बहुसंख्य ब्राह्मी लिपीत आहेत. इंगो श्त्राउख या अभ्यासकानं ते वाचून २०१२ साली प्रसिद्ध केले. भरुकच्छ, म्हणजे भडोच, आणि सौराष्ट्राचं हस्तकवप्र इथले हे खलाशी आणि व्यापारी. कोळशानं, चिखलानं, टोकदार दगडानं ओरखडून त्यांनी लिहिलं आहे. अमुक आला. अमक्याचा मुलगा अमुक, भडोचचा. कुणी स्वतःला नाविक म्हणवतो, कुणी वाणी. शेजारी दक्षिण अरबी, इथिओपी, ग्रीक लेखही आहेत आणि पाल्मिराच्या एका माणसानं इसवी सन २५८ मध्ये लिहून ठेवलेली लाकडी फळीही. इथं दान नाही, पुण्य नाही, पाथरवट नाही. मोसमी वाऱ्याची वाट पाहत बेटावर अडकलेला माणूस अंधाऱ्या गुहेत दिवा घेऊन जातो आणि आपलं नाव लिहितो. हर्रातला मेंढपाळ आणि भडोचचा खलाशी इथं एका पंगतीला बसतात.

मुंबईच्या कान्हेरीतही अशी पाहुण्यांची नावं आहेत. १००९ आणि १०२१ साली लेणी बघायला आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावं, बापांची नावं आणि तारखा कोरून ठेवल्या. पारशांनी तोवर आपली लिपी सोडली नव्हती, हे त्यावरून कळतं. कान्हेरीच्या सगळ्या लेखांचं एकत्रित वाचन डॉ. शोभना गोखले यांनी केलं. मराठी वाचकानं हे नाव ठाऊक करून घ्यावं, इतकं ते काम मोठं आहे.

अरबस्तान आणि आपला किनारा यांची गाठ पुढं आपल्याच लेखांत पडते. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीत सापडलेल्या इसवी सन ९२६ च्या ताम्रपटात राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या वतीनं संजाण प्रांताचा कारभार पाहणारा ‘ताजिक’, म्हणजे अरब, अधिकारी आहे. त्याचं मोहम्मद हे नाव संस्कृतात ‘मधुमति’ असं उतरलं आहे. त्यानं नद्यांवर फुकट तराफे सुरू केले, अन्नछत्र घातलं, आणि त्याच्याच संमतीनं एका ब्राह्मणानं उभारलेल्या मठिकेला जमीन मिळाली. गोव्याच्या कदंबांच्या अकराव्या शतकातल्या लेखांतही ताजिक वंशाचं एक घराणं येतं. मधुमद, त्याचा मुलगा, त्याचा नातू. तो नातू जयकेशी पहिला याच्या दरबारात मोठ्या पदावर होता आणि राजधानी गोपकपट्टणातल्या मशिदीच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या गलबतांवरचा कर लावून दिल्याची नोंद आहे. जोयड्याच्या घाटाखाली, गोव्यात हे घडत होतं. इतिहासातले अरब म्हणजे फक्त स्वारी करणारे, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लेख जरूर वाचावेत.

आणि गुरं राखणारे? ते आपल्या दगडांवर येतात, पण बहुतेकदा अक्षरांत नाही, चित्रांत. वीरगळ महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकात गावोगाव आहेत. खालच्या चौकटीत लढाई, कधी पळवली जाणारी गुरं. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गावाची गुरं सोडवताना मेलेल्या माणसाचं हे स्मारक. सफाइती लेखांतही धाडी, पळवलेले उंट आणि मेलेल्या भावाचा शोक आहेच. जनावर हीच संपत्ती असलेल्या दोन समाजांचं दुःख सारखंच होतं. फक्त तिकडे नाव उरलं आणि चेहरा नाही, इकडे चेहरा उरला आणि पुष्कळदा नाव नाही.

आपल्या बाजूला दगड टिकणंही सोपं नाही. सह्याद्रीचा पाऊस, जांभ्याची झीज, शेवाळ, मुळं. शिवाय माणूस. काळी नदीवरच्या सुपा धरणात जुनं सुपे गाव बुडालं, माणसं रामनगरसारख्या ठिकाणी उठून गेली. अशा उलथापालथीत मागच्या पिढ्यांचे दगड ओळखणारी माणसंच पांगतात. जे दगड उभे आहेत त्यांच्यावर ऑइल पेंट फासला जातो, शेंदराचे थर चढतात, काही पायरीला किंवा बांधाला लागतात. यात बहुतेक वेळा भक्तीच असते, द्वेष नसतो. पण अक्षर गेलं ते गेलंच.

म्हणून जोयडा-खानापूर भागातल्या, आणि खरं तर कुठल्याही गावच्या वाचकांना एक विनंती आहे. देवळाच्या आवारात, तळ्याच्या काठी, रानात कोरीव दगड दिसला तर अक्षरं ‘स्पष्ट’ करण्यासाठी त्यावर खडू, तेल किंवा चुना लावू नका आणि खिळ्यानं खरवडू नका. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, बाजूनं फोटो काढा. उथळ अक्षरांच्या सावल्या तेव्हाच दिसतात. दगड जागेवरून हलवू नका, कारण तो कुठं उभा आहे हाही पुरावाच असतो. गावात त्याला काय म्हणतात, त्याची काय गोष्ट सांगतात, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून तारखेसह लिहून ठेवा. मग फोटो राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या म्हैसूरच्या शिलालेख शाखेकडे पाठवा. तिथली माणसं ओला कागद दगडावर ब्रशनं ठोकून बसवतात, वर शाईचा बोळा फिरवतात आणि अक्षरांचा पांढरा ठसा काळ्या कागदावर उमटवून घेतात. तो ठसा एकदा निघाला की दगडाचं पुढं काहीही झालं तरी लेख वाचता येतो.